चादरीबाहेरचा हात

"आमच्या पद्धतीत चूक व्हायला जागाच ठेवलेली नाही," खांबेटे डॉक्टर म्हणाले आणि आमच्या ओसरीवरच्या बाजेवर ऐसपैस बसले. बाजेचं सुंभ करकरलं, मधोमध तुटलं आणि डॉक्टर आत गेले. वर राहिले दोन बूट आणि चहाची कपबशी धरलेला एक हात. कपबशी मात्र त्यांनी शेवटपर्यंत सरळ धरली होती. थेंब सांडला नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं. मी दाराआडून बघत होते. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, कारण मला पाचवा महिना चालू होता आणि हसलं की पोटात कळ यायची. एकोणीस वर्षांची होते. सोनगिरवाडीच्या त्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि हसू दाबायचं कसं एवढं सोडून बाकी सगळं शिकून झालं होतं.

डॉक्टर पुण्याहून आले होते, सरकारी कामावर. एचटीएलव्ही नावाचा एक विषाणू असतो म्हणे. एड्सचा जो विषाणू, त्याच्या जातकुळीतला, पण तो नव्हे. हे "तो नव्हे" डॉक्टर दर वाक्यानंतर सांगायचे, आणि ते सांगितलं की ओसरीवरची माणसं थोडी आणखी मागं सरकायची. हा जपानात असतो, तिकडच्या बेटांवर असतो, आपल्या देशात जवळजवळ नाही. नाही म्हणजे किती नाही, ते मोजायला चिठ्ठ्या टाकून गावं निवडली होती. त्यात आमचं निघालं.

"म्हंजे नसलेला रोग हुडकायला आलाय व्हय?" अण्णांनी विचारलं.

"नाही हे सिद्ध करायला आलोय."

"ते मी सांगतो की. न्हाई."

"तसं चालत नाही हो. रक्त बघावं लागतं."

अण्णा पूर्वी सरपंच होते. सरपंचपद गेलं, आवाज राहिला. चावडीपुढं सगळा गाव जमला होता आणि सुई बघून एकेक जण बैलांना पाणी दाखवायला निघाला होता. तेव्हा अण्णांनी त्या आवाजात जाहीर करून टाकलं की पहिलं रक्त आमच्या घरचं. बापय, बाया, झाडून सगळे. मग छाती काढून घरात आले आणि पाणी मागितलं. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, पाणी दिलं नाही.

"आज काय हाय?" त्यांनी विचारलं.

"बुधवार."

"वार न्हाई इच्यारला. घटाला माळ कितवी?"

अण्णांचा आवाज गेला. नवरात्र चालू होतं.

आमच्या घरची रीत अशी की घट बसले म्हणजे उपवास धरणाऱ्या बायांच्या अंगातून देवी उठेपर्यंत रक्ताचा थेंब निघता कामा नये. विळी धरायची नाही, सुई धरायची नाही, वांगी चिरायची तर ती दुसऱ्यांनी. एका वर्षी शेवंताक्कांच्या, म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. त्या वर्षी घटातलं धान उगवलं नाही आणि दिवाळीआधी म्हैस मेली. ही दोन्ही कामं त्या काट्यानं केली, असं आत्याबाईंनी ठरवलं होतं, आणि शेवंताक्कांना ते दर नवरात्रात एकदा तरी ऐकावं लागायचं.

"मग काय डाक्टरला न्हाई म्हनू? गावाम्होरं?" अण्णा म्हणाले.

"शबुद तुमी दिलाय. आमचं बी तुमीच द्या."

"बाईच्या नावानं बाप्याचं रगात कसं चालंल?"

"का? लाल न्हाई का तुमचं?"

चुलत सासूबाई, गयाकाकी, तुळशीपाशी वाती वळत बसल्या होत्या. त्या विधवा होत्या, बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्यांनी वात खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हिला कुठं उपास हाय?"

पोटुशीला उपवास नसतो. उपवास नाही म्हणजे घटाचं बंधनही नाही. आत्याबाईंनी मला असं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं बाजारात भोपळा बघतात.

आता गंमत अशी की डॉक्टरांच्याही नियमात एक अट होती. गरोदर बाईचं रक्त घ्यायचं नाही. तिला त्रास नको. ते ओसरीवर तसं बोलूनसुद्धा दाखवत होते, "आम्ही फार काळजी घेतो." म्हणजे त्यांच्या नियमात पोटुशी चालत नव्हती आणि आमच्या नियमात पोटुशीशिवाय कुणी चालत नव्हतं. दोन्ही नियम माझ्याच भल्यासाठी केलेले होते.

"तुला भ्या वाटतंय का?" शेवंताक्कांनी हळूच विचारलं.

"छ्या," मी म्हटलं. "माझी शीर डोळे झाकून सापडती." मी दहावीत असताना शाळेत तपासणी झाली होती, तेव्हापासून ही माझी एकुलती एक बढाई होती.

बाकीची सोय डॉक्टरांनी स्वतःच करून दिली. आमच्या घरच्या बाया परक्या पुरुषापुढं येत नाहीत हे कळल्यावर ते खूश झाले. "लोकांच्या चालीरीतींचा आम्ही पूर्ण मान ठेवतो," म्हणाले आणि माजघराच्या दाराला आडवी चादर बांधायला सांगितली. बाईनं आत बसायचं, हात तेवढा बाहेर काढायचा. बाहेर त्यांचा लोखंडे नावाचा माणूस सुई घेऊन मांडी घालून बसला.

"नाव?"

"गोजराबाई शंकर जगदाळे," माझ्या कानाशी आत्याबाई ओरडल्या आणि मी त्यांच्या पाटल्या घातलेला हात बाहेर सरकवला.

लोखंडेनं हात उलटसुलट करून बघितला. "आजी, हात अगदी तरणाताठा आहे हो तुमचा."

"कष्टाचा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

दुसरा नंबर शेवंताक्कांचा. तो उजव्या हातानं पार पडला. तिसऱ्याला पंचाईत झाली. गयाकाकींच्या हातात बांगडी असणार कशी? आणि माझ्या हातातला हिरवा चुडा उतरवणार कोण? पोटुशी सवाष्ण, त्यात नवरात्र. आत्याबाई म्हणाल्या, काकणाला हात लावाल तर हात मोडीन. चादरीआड आम्ही चौघी कुजबुजत होतो आणि बाहेर लोखंडे "पुढच्या, पुढच्या" करत होता. शेवटी शेवंताक्कांनी सगळा चुडा कोपराच्या वर रेटला आणि काकींच्या लुगड्याच्या चिंधीनं करकचून बांधला. त्यानं माझी शीर अशी फुगली की लोखंडेला पट्टा बांधावाच लागला नाही.

"काकी, हे इथं टोचल्यासारखं काय दिसतंय?"

"ढेकून," गयाकाकी आतून म्हणाल्या.

"ह्या घरच्या बायकांच्या शिरा मात्र एकापेक्षा एक," लोखंडे डॉक्टरांना सांगत होता. मी आत बसून फुलून गेले. माझी आई म्हणायची, इंदूला चार वर्षं अंगावर पाजलीय मी, तिच्या अंगात रक्त नाही, ओढा वाहतो. ते मी तिघींना सांगितलं. आत्याबाईंनी मला शेंगदाण्याची पोळी दिली, वर तूप, आणि म्हणाल्या, "घट राखलास बाई."

त्या वर्षी घटातलं धान चांगलं वीतभर आलं.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी गेले, तालुक्यातल्याच गावी. आई दारात घ्यायला आली ती भिंत धरून. पाय आखडलेत म्हणाली, वात असेल. वर्षभर तेल चोळून झालं होतं, गावठी मुळ्या उगाळून झाल्या होत्या. बसली की उठायला कुणीतरी लागायचं, आणि तरी माझं बाळंतपण तिनं भिंतीभिंतीनं सरकत केलं. माघात मुलगी झाली. नवरात्रातलं पोट म्हणून अंबिका नाव ठेवलं, अंबू.

तीन महिन्यांची अंबू घेऊन मी सोनगिरवाडीला परत आले. पहिली मुलगी झालेली, तेव्हा टोमण्यांची तयारी ठेवूनच आले होते. दोन-चार उत्तरंसुद्धा पाठ केली होती. त्यांचा काही उपयोगच झाला नाही.

आल्या आल्या आत्याबाईंनी मला नवाकोरा पितळी तांब्या दिला. "ह्यो तुझा. दुसऱ्या कुनाला द्यायचा न्हाई." शेवंताक्कांनी माझं ताट वेगळं काढलं आणि रोज स्वतः घासायला लागल्या. माझी धुणी गयाकाकी कुणाच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, पहाटे एकट्या ओढ्यावर घेऊन जायच्या. एकदा माझ्या बोटाला विळी लागली तर तिघी तीन खोल्यांतून धावत आल्या आणि तिघींनी एकाच वेळी मला हळदीची वाटी पुढं केली. मग एकमेकींकडं बघून ओशाळल्या. मला वाटलं, माझ्यासारखी भाग्यवान सून तालुक्यात नसेल. नवऱ्याला मी तसं सांगितलंही. विष्णू ट्रॅक्टरवर होते, घरात कमी असायचे. ते म्हणाले, "तुझ्यात काय बघितलं त्यांनी, मला तर काय दिसत न्हाई."

आणि दूध. ते तर घरातलं एक कामच होऊन बसलं. आत्याबाई डिंकाचे लाडू वळायच्या. शेवंताक्का हळीव भिजवायच्या. गयाकाकी शेपू निवडायच्या, आणि मला शेपूचा वाससुद्धा चालत नाही. अंबू सहा महिन्यांची झाली, वर्षाची झाली, भाकरीचा काला खायला लागली, तरी माझं सुटलं नाही.

"आता तोडू का आत्याबाई? चावती ती."

"चावू दे. पाज. आईच्या दुधागत दुसरं काय न्हाई. अंगावरचं दूध प्यालेलं पोर कवच घालून येतं. कसला किडा लागत न्हाई त्याला."

"दोन वर्सं तरी," शेवंताक्का म्हणायच्या.

"तीन," गयाकाकी म्हणायच्या.

पोर पोटभर पिऊन झोपली की आत्याबाई तिच्या टाळूवर हात ठेवून काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटायचं, नात आवडते.

अंबू सोळा-सतरा महिन्यांची असेल, पेरण्या उरकल्या होत्या, तेव्हा खांबेटे डॉक्टरांची जीप पुन्हा आली. मी त्यांना दुसऱ्यांदा बघत होते. मध्ये एकदा ते येऊन गेले होते म्हणे, मी माहेरी असताना. ह्या वेळी नवा शर्ट होता आणि चेहरा असा की लग्न जमलंय. परदेशात मोठी सभा भरणार होती, तिथं ते आमच्या गावाबद्दल बोलणार होते. त्यासाठी घरातल्या तिघींचं ताजं रक्त पाहिजे होतं.

"कशाला ओ परत?" मी आत विचारलं.

"असतंय त्यांचं काय काय," आत्याबाई म्हणाल्या. मला त्यांनी चादरीजवळसुद्धा येऊ दिलं नाही. "तू न्हाई. लेकुरवाळी हायस. दूध आटंल." घट नव्हते, उपवास नव्हता. तिघींनी आपापले हात आपण बाहेर काढले. लोखंडेला त्या दिवशी एकाही हातात धड शीर सापडेना. गयाकाकींना त्यानं चारदा टोचलं. त्या हूं की चूं बोलल्या नाहीत, आणि आत येऊन देवापुढं साखर ठेवली. थोड्या वेळानं आत्याबाईंनी ठेवली. मग शेवंताक्कांनी. आमच्या देवीला त्या दिवशी मुंग्या लागल्या.

आठवड्यानं डॉक्टर परत आले. बाजेकडं एकदा बघितलं आणि उंबऱ्याबाहेर पायरीवरच बसले. अण्णा आणि विष्णू रानात होते. मी दाराशी बसून अंबूला पाजत होते.

"तिघींना बोलवा," डॉक्टर मला म्हणाले. "एकत्रच. आता गुपित ठेवण्यासारखं काही उरलं नाही."

तिघी डोईवर पदर घेऊन चौकटीत उभ्या राहिल्या.

"कोरी," डॉक्टर म्हणाले. "तिन्ही. मागच्या वेळी तिघींच्या रक्तात तो होता. सबंध तालुक्यात तीन माणसं सापडली आणि तिन्ही एका घरात. देशात असं कुठं सापडलेलं नाही. मी तुम्हाला एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आठवतंय ना? दुसऱ्या कुणाला कळू न देता?"

आत्याबाईंनी मान वळवली. "शेवंता, तुला बी सांगितलं हुतं?"

"मला गोठ्यामागं," शेवंताक्का म्हणाल्या. "तुमास्नी?"

"मला तुळशीपाशी. ह्या गयीला बी?"

"इहिरीवर," गयाकाकी म्हणाल्या.

तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दीड वर्ष एका चुलीवर रांधत होत्या, एका ताटात लोणचं वाढून घेत होत्या.

"तो एकदा अंगात शिरला की जात नाही," डॉक्टर म्हणाले. "माणूस जातो, तो जात नाही. मग हे तिघींचं गेलं कसं? मला परवा विमान आहे. आधीचं रक्त कुणाचं होतं?"

"माझंच की," आत्याबाई म्हणाल्या.

"माझं तर माझंच हुतं," शेवंताक्का म्हणाल्या.

"देवीनं बरं केलं आसंल," गयाकाकी म्हणाल्या.

"तिघींना?"

"एकीला करून दोघींना का सोडंल? मंग ती देवी कसली?"

डॉक्टरांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मला त्यांची दया आली. पुण्याहून आलेला शिकलेला माणूस, नवा शर्ट घालून पायरीवर बसलेला, आणि ह्या तिघी त्याच्यापुढं सगळं देवीवर ढकलत होत्या. शिवाय मला वाटलं, एवढं लपवण्यासारखं त्यात आहे काय? घट आता कुठले?

"माझं होतं ते," मी म्हटलं. "तिन्ही वेळा. नवरात्र होतं, ह्यांना उपवास होते. माझी शीर चांगली आहे ना." आणि हसले.

शेवंताक्कांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी मान वर केली. मला वाटलं, आता ओरडतील. ते माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या मांडीकडं बघत होते.

"ही किती महिन्यांची?"

"सोळा सरून सतरावा चाललाय."

"अजून पिते?"

"पिती म्हंजे?" आत्याबाईंना बोलायला विषय मिळाला. "दिवसातनं धा वेळा. ही तोडायला निघाली हुती, आमीच तोडू दिलं न्हाई. डिंक, हळीव, शेपू, काय कमी केलं न्हाई."

जीपपाशी लोखंडे काहीतरी आवरत होता, तो थांबला. अंबू मात्र चुटूचुटू पीत होती. तेवढाच आवाज होता.

"ते दुधातून जातं," डॉक्टर म्हणाले. "आईच्या. जितके जास्त महिने पाजलं, तितकं जास्त. सहा महिन्यांच्या आत तोडलं तर पुष्कळदा काही होत नाही."

"काय जातं?" मी विचारलं.

त्यांनी मला सांगितलं. नीट सांगितलं, वाईट माणूस नव्हता तो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, म्हणाले. काहींना उतारवयात होतं. रक्ताचा आजार होतो, नाहीतर पाय हळूहळू आखडत जातात. औषध नाही.

"पाय?"

"हो. भिंत धरून चालावं लागतं, मग तेही नाही. तुमची आई आहे का? कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नाही. मी अंबूला दुसऱ्या बाजूला घेतलं, सवयीनं, आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय करतेय, आणि मी तिला तोडलं. ती रडायला लागली.

आत्याबाई पायरी उतरून खाली आल्या. परक्या पुरुषापुढं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. पदर खांद्यावर गेला होता.

"तुळशीपाशी तुमी मला काय म्हनालात?"

"आजी..."

"म्हनालात, आजी, तुमाला काळजीचं कारन न्हाई. रक्तदान तेवढं करू नका. नवऱ्या-बायकोतनं जातंय, पन तुमचं आता वय झालंय. आसंच म्हनालात का न्हाई?"

"हो."

"दुधाचं म्हनालात?"

"तुम्हाला कशाला सांगू? तुमचं वय... जे लागू नाही ते आम्ही सांगत नाही. लोक उगाच घाबरतात."

"शेवंता, तुला?"

"माझी धाकटी पोरगी नववीत हुती," शेवंताक्का म्हणाल्या. "मला बी न्हाई सांगितलं."

"आमास्नी त्याच घडीला कळलं की ते हिचं हाय म्हनून," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सांगितलं आसतं तर हिला ह्या घरात ठिवली नसती कुनी. ह्यांच्या चुलतभावाच्या सुनंला पायाव पांढरा डाग निघाला तर चार मानसं बसवून म्हायेरी धाडली हुती. हिच्या पोटात तर पोर. मी म्हनलं, नाव माझं हाय न्हवं, मग माझ्याच नावाव ऱ्हाऊ दे. मला काय, आज हाय न् उद्या न्हाई. हिला तांब्या येगळा केला, म्हनजे पोरांस्नी नको लागाया. आन् त्या लेकराला लागू नये म्हनून..."

त्या वळल्या आणि आत गेल्या. जाताना माझ्याजवळून गेल्या तेव्हा त्यांनी रडणाऱ्या अंबूच्या टाळूवर हात ठेवला, नेहमीसारखा, आणि चटका बसल्यागत काढून घेतला.

शेवंताक्का आणि गयाकाकी चौकटीतच उभ्या होत्या. मला त्या दोघींना सांगायचं होतं की मला राग नाही. पण तेव्हा राग आहे का नाही हे मलाही कळलं नव्हतं, आणि पुढं कळलं तोवर काकी गेल्या.

डॉक्टरांचं विमान हुकलं नाही, पण ते गेलेही नाहीत. अंबूचं रक्त घेतलं, माझं घेतलं. लोखंडेनं मला टोचताना शीर बघितली आणि मान खाली घातली. पुढं आठ-पंधरा दिवसांत मीच त्यांना माझ्या माहेरचा रस्ता सांगितला. आईला बघून आल्यावर महिन्याभरानं ते म्हणाले की तालुक्याचा आकडा तीन लिहिला होता, तो खोडावा लागला नाही. फक्त माणसं बदलली.

आईला मी सांगितलं नाही. तिनं चार वर्षं पाजल्याचा अभिमान शेवटपर्यंत बाळगला. ती अंथरुणाला खिळली तेव्हाही येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा हात दाखवायची. विष्णूंना सांगितलं. ते तीन दिवस बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी माझ्या तांब्यातनं पाणी प्याले. अण्णांना कुणीच काही सांगितलं नाही. ते मरेपर्यंत गावाला सांगत होते की आमच्या घरच्या बायांचं रक्त परदेशात गेलंय.

अंबू आता शाळेवर शिक्षिका आहे. लग्नाआधी तिनं स्वतः मुलाला सगळं सांगितलं, आणि तो राहिला. तिच्या दोन्ही मुलांना डब्याचं दूध पाजलं. सासरची माणसं म्हणतात, शिकलेली आहे, फिगर जपते. ती हसते. ती मोटारसायकल चालवते, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते. मी तिच्या मागून चालते, कायम. ती म्हणते, आई, पुढं चल ना. मी म्हणते, तू चल.

पण त्या संध्याकाळी ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर एवढंच सांगून गेले होते की आजपासून थेंब नको.

आत्याबाईंनी परसातला कडुलिंब ओरबाडला आणि पाट्यावर वाटायला बसल्या. एवढा वाटला की गावातल्या सगळ्या पोरांचं तुटलं असतं. कुणाला हात लावू दिला नाही. वाटी घेऊन आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि स्वतः छातीला लेप दिला, जाड, हिरवागार. वासानं माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. शेवंताक्का वाटीभर म्हशीचं दूध, साखर घातलेलं, घेऊन दाराशी थांबल्या. गयाकाकींनी अंबूला सोडलं.

ती दुडूदुडू आली. वाटीतल्या दुधाकडं तिनं बघितलंही नाही. माझ्या मांडीवर चढली, तोंड लावलं आणि चेहरा वेडावाकडा केला. थुंकली. माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं बघितलं. आम्ही चौघी श्वास धरून बसलो होतो. मग तिनं माझाच पदर ओढून घेतला, लेप पुसून काढला, आणि प्यायला लागली.